मुक्याची राखण

या, जरा पुढे सरका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही, म्हणून जवळ बोलावतोय. ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे त्यांनी ते तसंच धरून ठेवा, झोपलं असलं तरी खाली ठेवू नका. देव सगळ्यांची राखण करतो यावर माझा पुरता विश्वास आहे. पण त्याने आपल्याला दोन डोळे दिलेत तेही काही शोभेला नाहीत. तर ऐका. एका मेंढपाळाच्या घरात, धुक्याच्या दिवसांत, एका कुत्र्याने आपलं काम चोख केलं, त्याची ही गोष्ट आहे.

डोंगराच्या उतारावर एक दगडी घर होतं. घर म्हणजे एकच लांब खोली, आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून मेंढवाडा. मधे चौकट होती पण कवाड नव्हतं. कवाड म्हाताऱ्याने केव्हाच काढून गव्हाणीला ठोकलं होतं. थंडीत अशक्त कोकरं उचलून चुलीपाशी आणायची, हात भरलेले असताना कवाड कोण उघडणार, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे घरात मेंढ्यांचा वास आणि मेंढवाड्यात चुलीचा धूर, असा सगळा एकोपा होता.

घरात म्हातारा, म्हातारी, त्यांची सून आणि सुनेची पाच महिन्यांची मुलगी. मुलगा मोठा कळप घेऊन लांबच्या चराईला गेला होता, तो महिनाभर तरी येणार नव्हता. मागे राहिल्या होत्या व्यायला आलेल्या चाळीसेक मेंढ्या.

सून शिंप्याची लेक. तिच्या माहेरी कुत्रा काय, मांजरसुद्धा नव्हतं. कापडाला केस लागतात म्हणून. मुलीचे डोळे कोटाच्या बटणासारखे काळे आणि गोल, म्हणून ती तिला गुंडी म्हणायची. मग सगळेच गुंडी म्हणायला लागले.

आणि कुत्रा. तो मळक्या लोकरीच्या रंगाचा होता आणि उभा राहिला की त्याचं डोकं म्हाताऱ्याच्या कंबरेला लागायचं. डोळे उघडायच्या आधीपासून म्हाताऱ्याने त्याला कोकरांत ठेवलेलं. मेंढीचं दूध पिऊनच तो वाढला. आणि पिल्लू असताना तो कोकरांजवळ गुरगुरला, की म्हातारा ओल्या पोत्याचा पीळ करून त्याच्या नाकावर मारायचा. गुरगुर ऐकली की गाभण मेंढ्या बिथरतात, एकमेकींवर चढतात. चार महिन्यांत त्याची गुरगुर बंद झाली. पुढे भुंकणंही गेलं. कळपावर कुणी चालून आलं तर तो आवाज न करता समोर जाऊन उभा राहायचा, आणि ते पुरायचं. त्याचं नाव मुका.

गुंडी जन्मली तेव्हा मुका तिच्यापासून लांब राहायचा. ती रडली की उठून बाहेर जायचा. म्हाताऱ्याला ते खटकलं.

"याला ती परकी वाटते," तो सुनेला म्हणाला. "कातडं चढवू."

"म्हणजे काय, मामंजी?"

म्हाताऱ्याने तिला मेंढवाड्यात नेऊन दाखवलं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं, आणि दुसऱ्या एका कोकराची आई मेलेली. त्याने मेलेल्या कोकराचं कातडं सोलून त्या पोरक्या कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवलं होतं. मेंढीने त्याला हुंगलं, दोनदा ढुशी मारली, तिसऱ्यांदा हुंगून पाजायला उभी राहिली.

"वास आपला, की लेकरू आपलं," म्हातारा म्हणाला. "मुक्याचंही तसंच. अशाच एका कातड्यात गुंडीला घाल. मग बघ, जीव देईल तिच्यासाठी."

सुनेला ते आवडलं नाही. पण कातडं मऊ होतं, थंडी पडायला लागली होती, आणि नव्या सुनेने नको तरी किती गोष्टींना म्हणायचं. तिने जाड सुईने त्याची पिशवी शिवली. गुंडी गळ्यापर्यंत आत जायची, मानेमागे लोकरीची जाड घडी यायची, पुढे दोन बंद. शिवण इतकी सरळ आली की म्हातारी शेजारघरी दाखवून आली.

आणि खरंच, मुका त्या दिवसापासून गुंडीजवळ येऊन झोपायला लागला.

"बघ," म्हातारा म्हणाला. पुढचे दोन दिवस तो अधूनमधून नुसतं "बघ" म्हणत राहिला.

मग धुकं आलं.

पहिल्या दिवशी गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी मेंढवाड्याचं कुंपण घरातून दिसेना. वाळत घातलेले कपडे वाळेनात, पेंढा ओला, सरपण ओलं, भिंतींना हात लावला तर हात ओला. चौथ्या दिवशी कोकरं पडायला लागली. सकाळी दूध पिणारं कोकरू दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी ताठ व्हायचं.

जनावरांचा डॉक्टर फटफटी ढकलत वर आला. त्याने कोकरांची पापणी उलटून पाहिली, सुया टोचल्या, आणि सांगितलं, "मेलेलं कोकरू एक क्षणसुद्धा आत ठेवू नका. खड्डा खणा, चुना टाका, माती ओढा. नाहीतर एकही राहणार नाही."

म्हाताऱ्याने उतारावर खड्डा खणला. जाताना डॉक्टरने मुक्याकडे पाहिलं. मुका चौकटीत उभा होता, आत तोंड करून. आत गुंडी पेंढ्याच्या गादीवर पडली होती.

"हा गुरगुरत नाही?"

"गुरगुरणं काढून टाकलंय त्याचं," म्हातारा अभिमानाने म्हणाला.

"मग चावायच्या आधी सांगणार कसं?"

"तो चावणारच नाही, तर सांगायचं काय?"

डॉक्टर हसला नाही. "बाबा, कुत्रा गुणी असो नाहीतर द्वाड. तान्ह्याजवळ त्याला एकटा सोडत जाऊ नका. मधे मोठं माणूस पाहिजे, आणि नसेल तर कवाड पाहिजे. मी माझ्या घरीसुद्धा सोडत नाही."

"तुमचा कुत्रा शहरातला असेल," म्हातारा म्हणाला.

सून चुलीपाशी बाटल्या धूत होती. तिने ऐकलं.

डॉक्टर येऊन गेल्यापासून पाच दिवसांत नऊ कोकरं गेली. म्हातारा एकेक उचलायचा, खड्ड्यात ठेवायचा, वर चुना, वर माती. मुका प्रत्येक वेळी त्याच्यामागे जायचा आणि खड्ड्याच्या कडेला बसून पाहायचा. सहाव्या दिवशी म्हातारा सकाळी उठून मेंढवाड्यात गेला तर रात्री मेलेलं कोकरू जागेवर नव्हतं. ते खड्ड्यात होतं. मुका नाकाने त्यावर माती ढकलत होता. हळूहळू, एका बाजूने, जसं म्हातारा फावड्याने करायचा तसं.

म्हातारा घरात येऊन खाली बसला. डोळ्यांत पाणी. "माणसाला सांगून कळत नाही, याला न सांगता कळलं. माझं अर्धं काम करतोय."

"देवाने जनावराला काय बुद्धी दिलीय," म्हातारी म्हणाली आणि तिने मुक्याला भाकरीचा अर्धा तुकडा टाकला.

त्यानंतर ते काम मुक्याचंच झालं. धुक्यातून तो येताना दिसायचा नाही. पेंढ्यावर पावलं वाजायची नाहीत. मेंढ्यांच्या गर्दीत एक वाट उघडायची, तो मानेची लोकर दातांत धरून कोकरू उचलायचा, आणि वाट मिटायची.

आठव्या दिवशी सून चुन्याची बादली घेऊन खड्ड्यापाशी गेली. मुका नुकताच तिथून परतला होता. मातीतून एक कान दिसत होता. तो कान हलला.

ती गुडघ्यांवर बसली, हातांनी माती बाजूला केली. कोकराच्या नाकपुड्यांत माती गेली होती, पण पोट वरखाली होत होतं. तिने ते पदरात गुंडाळून घरी आणलं.

"मामंजी, हे जिवंत होतं."

म्हाताऱ्याने कोकराच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड गार होतं. "मरणारच आहे हे. तासाभराचा सोबती."

"पण मेलं नव्हतं. तो मेलेली नेत नाही. पडलेली नेतो."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला मेंढ्यांतलं कळत नाही. पण हे हलत होतं एवढं कळतं."

म्हातारी पीठ मळता मळता हसली. "अगं, तुझ्या माहेरी सुईशिवाय काही टोचत नव्हतं, म्हणून तुला सगळ्याचीच धास्ती. तो राखण्या आहे. त्यानेच तर हे सगळं सांभाळलंय."

कोकरू संध्याकाळी मेलं. म्हाताऱ्याने सुनेकडे असं पाहिलं की बोलण्याची गरज उरली नाही.

त्याच संध्याकाळी तिने गुंडीच्या अंगावरून कातड्याची पिशवी काढली आणि वरच्या फळीवर टाकली. गोधडीत गुंडाळून तिला पाठीला बांधलं, आणि तशीच कामाला लागली. बाटल्या भरायच्या, कोकरांच्या तोंडात धरायच्या, ओला पेंढा ओढून बाहेर टाकायचा, कोरडा आत पसरायचा. पाठीवर गुंडी, खाली वाकलं की तिचं डोकं आईच्या मानेवर आपटायचं. दोन दिवस तसं चाललं. तिसऱ्या दिवशी गुंडीला ताप भरला.

"काढ तिला पाठीवरून," म्हातारी म्हणाली. "धुक्यात फिरवून आजारी पाडलीस पोर. चुलीपाशी ठेव. मी बसते."

गुंडी चुलीजवळ पडली. तापाने तिचं रडणंही गेलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले. चमच्याने पाणी पाजलं तर निम्मं गालावरून ओघळायचं. अंगात हुडहुडी भरायची, मग गळून पडायची आणि बराच वेळ निपचित राहायची.

आणि मुका चौकटीत येऊन उभा राहिला.

पूर्वी तो तिच्याजवळ येऊन अंग टाकून झोपायचा. आता झोपला नाही. चारही पाय रोवून, मान पुढे काढून उभा. तोंड घट्ट मिटलेलं. शेपूट ताठ, हलत नव्हती. मधूनच तो जीभ काढून नाक चाटायचा. मधूनच मोठी जांभई द्यायचा, झोप आलेली नसताना. सुनेने त्याच्याकडे पाहिलं तर तो डोकं न हलवता फक्त डोळे वळवायचा, आणि डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायचं.

"आत्याबाई, हा काय बघतोय?"

"राखण करतोय."

"राखण करताना तो बाहेर तोंड करून बसतो. हा आत तोंड करून उभा आहे."

म्हातारीने एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "तुझा जीव लेकरात अडकलाय, म्हणून असं दिसतंय. जरा पड तू."

सून म्हाताऱ्याकडे गेली. "मामंजी, गव्हाणीचं कवाड काढून द्या. मी बसवते चौकटीत."

"आणि कोकरं?"

"आठवडाभर. हिचा ताप उतरेपर्यंत."

"आठवडाभरात कोकरं संपतील सगळी. नवरा येऊन विचारेल, काय राखलंत? तर काय सांगू, तुझी बायको कुत्र्याला घाबरत होती?"

"सांगा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पुन्हा हातातल्या कोकराकडे वळला. "जा, पाणी तापव."

तिने चौकटीत दोन पोती आणि एक उलटी टोपली रचली. मुका त्यावरून सहज पलीकडे आला, टोपली न पाडता. तिने त्याला हाकललं. तो मागे सरला, चौकटीबाहेर गेला, आणि तिथे पुन्हा तसाच उभा राहिला.

त्या दिवसापासून तिने एक ठरवलं. आपण उठायचं तर सासूला बसवूनच. आणि प्रत्येक वेळी सांगायची, "आत्याबाई, हिच्याजवळून उठू नका."

"नाही उठत. किती वेळा सांगशील?"

तेराव्या दिवशी दुपारी धुकं खोलीत शिरलं होतं. जाळ होता म्हणून चूल कुठे ते कळत होतं. मेंढवाड्यातून म्हाताऱ्याची हाक आली.

"मेंढी अडलीय. आडवं आलंय. माझा हात जात नाही, तू ये."

शिंप्याच्या लेकीचा हात बारीक. मागच्या आठवड्यात तिने तीन मेंढ्या सोडवल्या होत्या, हे म्हाताऱ्याने तोंडाने कधी मान्य केलं नव्हतं, पण हाक तिलाच मारत होता. ती उठली. गुंडीचं कपाळ भाजत होतं, श्वास बारीक.

"आत्याबाई, उठू नका."

"जा गं तू."

मेंढी पेंढ्यावर आडवी पडली होती, डोळे वर गेलेले. म्हाताऱ्याने तिचं डोकं मांडीवर धरलं. सुनेने बाह्या वर केल्या, हाताला तेल लावलं आणि कोपरापर्यंत आत घातला. आत एक पाय लागला, मग पाठ, मग कुठलंच काही न कळणारं. मेंढीने कळ दिली की तिचा हात चिमटीत सापडल्यासारखा दाबला जायचा. तिने श्वास रोखला, कळ जाऊ दिली, पुन्हा चाचपलं. डोकं सापडलं, मागे वळलेलं. पाण्याने आणि रक्ताने तिची छाती, लुगडं, गाल, सगळं भिजलं.

"तेल दे अजून," म्हातारा ओरडला. "अगं ए, तेलाची बाटली आण."

आत म्हातारी बसली होती. गुंडीला हुडहुडी भरली होती, म्हणून तिने फळीवरची कातड्याची पिशवी काढून तिला पुन्हा आत घातलं होतं, बंद बांधले होते. पोर ऊब लागून शांत झाली होती, अगदी निपचित. बाटली खिडकीत होती, चार पावलांवर, पण रिकामी. भरलेली पुढच्या ओट्यावरच्या कोनाड्यात. म्हातारी उठली. ओट्यावर गेली. अंधुक होतं, चाचपून बाटली काढली. बूच घट्ट बसलं होतं, ते दातांनी ओढलं. आत आली, थेट मेंढवाड्यात गेली, बाटली दिली, आणि कोकराचं डोकं बाहेर येताना पाहून क्षणभर थांबली. कुणाला थांबावंसं वाटणार नाही?

दोन मिनिटं. फार तर तीन.

मग सुनेने मान वर केली आणि तिला समोर सासू दिसली.

सून उठली. कोकरू पेंढ्यात पडलं. ती खोलीत गेली. गादीवर खळगा होता, गुंडीच्या आकाराचा, हात ठेवला तर गरम. पेंढ्याच्या चार काड्या चौकटीपर्यंत ओढत गेलेल्या. कसलाच आवाज झाला नव्हता. रडणं नाही, भुंकणं नाही, मेंढ्यासुद्धा रवंथ करत होत्या.

तिला कुठे जायचं ते माहीत होतं.

ती पळाली नाही. का ते तिला पुढेही सांगता आलं नाही. धुक्यात उतारावर ती भराभर चालत गेली आणि खड्ड्याच्या दहा पावलं अलीकडे थांबली, कारण तिला माती घसरल्याचा आवाज आला. मुका खड्ड्यात उभा होता. नाकाने कडेची माती आत ढकलत होता, सावकाश. कातड्याची पिशवी अर्धी झाकली गेली होती.

मग मातीखालून एक आवाज आला. रडणं म्हणता येणार नाही असा, गळ्यात अडकलेला.

मुका थबकला. त्याने कान पुढे केले. पिशवी हुंगली, तोंडावरची माती चाटली. आवाज पुन्हा आला. तेव्हा तो तिच्या बाजूला बसला, एक पाय तिच्यावरून पलीकडे टाकला, आणि मान वर करून धुक्याकडे पाहायला लागला. पडलेलं उठलं होतं. आता त्याची राखण सुरू झाली होती.

सुनेने एक पाऊल टाकलं. मुक्याने तिच्याकडे पाहिलं आणि वरचा ओठ उचलला. दात दिसले. आवाज नाही.

मागून म्हातारा धापा टाकत आला. "मुक्या," तो म्हणाला. "मुक्या, चल, ये." मुक्याचे कानसुद्धा हलले नाहीत. म्हाताऱ्याने काठी उचलली. मुक्याचा पाय गुंडीवर घट्ट झाला, मान खाली, तिच्या मानेजवळ आली.

"मामंजी, काठी खाली ठेवा," सून म्हणाली. आवाज इतका बारीक, की जणू शिवताना सुई मागावी. "बोलू नका. त्याच्याकडे बघू नका. तोंड फिरवा."

आयुष्यात पहिल्यांदा म्हाताऱ्याने सुनेचं ऐकलं. त्याने काठी गवतात ठेवली आणि पाठ फिरवली.

ती गुडघ्यांवर बसली. मग हातांवर. कुत्र्याच्या डोळ्यांकडे न बघता, चेहरा एका बाजूला करून, ती रांगत निघाली. आणि तिने मेंढीचा आवाज काढला. व्यायलेली मेंढी आपल्या कोकराला बोलावते तो. तोंड न उघडता, छातीतून येणारा, घरघरता. इतके दिवस तिने तोच ऐकला होता. ती एक हात पुढे टाकायची, आवाज काढायची, थांबायची. चिखल थंड होता. अंगावरचं मेंढीचं पाणी वाळायला लागलं होतं आणि लुगडं अंगाला चिकटत होतं.

खड्ड्याच्या कडेला ती पोचली. मुक्याचं नाक तिच्या मनगटाला लागलं. त्याने हुंगलं. कोपर हुंगलं, छाती, गाल. त्याचा श्वास तिच्या कानात शिरत होता. मग त्याने तिचं मनगट चाटलं. एकदा, दोनदा, मग कोपरापर्यंत सगळा हात, जसा तो नुकत्याच व्यायलेल्या मेंढीला चाटायचा.

आणि उठला. पाय काढून घेतला. दोन पावलं मागे सरून तिला वाट दिली.

तिने गुंडीला पोटाखाली ओढलं. ती उभी राहिली नाही. एका हाताने लेकरू छातीशी धरून, दोन गुडघ्यांवर आणि उरलेल्या हातावर ती मागे फिरली आणि तो सगळा उतार रांगत चढली. दगडांनी गुडघे फुटले. मधे मधे मेंढीचा आवाज काढत होती, काढावा लागत होता. कारण मुका मागून येत होता. तिच्या टाचांना त्याचा श्वास लागत होता. ती थांबली की तो नाकाने हळूच पुढे ढकलायचा.

घराच्या पुढच्या दारातून ती आत गेली, दार लावून अडसर घातला, आणि मग उभी राहिली.

गुंडीच्या नाकातोंडातली माती म्हातारीने काढली. पोर रडली, चांगली, भोकाड पसरून. मानेमागची लोकरीची घडी दातांनी आरपार गेली होती. कातडीवर चार लाल ठिपके, एकातून रक्ताचा थेंब. एवढंच. डॉक्टर आला, त्याने जखम साबणाने धुतली, म्हणाला, "माणसांच्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता न्या. ठिपका लहान असला तरी सुया घ्याव्या लागतात." ते गेले. सुया झाल्या. ताप पाचव्या दिवशी उतरला. धुकं त्याच्या आदल्या दिवशी.

कुत्र्याचं काही केलं पाहिजे का, असं म्हाताऱ्याने डॉक्टरला विचारलं. मान खाली घालून विचारलं.

"त्याने काय केलं?" डॉक्टर म्हणाला. "तुम्ही शिकवलं तेच."

म्हातारा चौकटीपाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "तो चौकटीत उभा राहून सांगत होता सगळं. तोंडाने सांगायचं मीच मारून टाकलं. आणि हिने ते त्याच्या अंगावरून वाचलं, तर हिलाही मी गप्प केलं." तो उठला आणि त्याने गव्हाणीचं कवाड काढलं. स्वतः चौकटीत बसवलं, बिजागरी लावली, वर कडी लावली, खाली कडी लावली.

पण मुक्याच्या लेखी सून आता मेंढी होती. संध्याकाळी ती पाणवठ्यावरून येताना तो वाटेत आडवा उभा राहायचा. घराकडे जाऊ द्यायचा नाही. ती मेंढवाड्याच्या फाटकातून, वाकून, मेंढ्यांच्या मधून आत गेली, की तो फाटकात बसायचा, आणि तिला आत मोजल्यासारखं पाहून मग डोळे मिटायचा. ती रोज तशी जायची. मेंढ्यांत थोडा वेळ उभी राहायची, मग कवाडाची कडी वाजवायची, आणि म्हातारी आतून उघडायची. हे तीन आठवडे चाललं. या तीन आठवड्यांत तिने त्याच्यावर एकदाही हात उगारला नाही, आणि एकदाही पाठ केली नाही.

मग मुलगा आला. त्याने सगळं ऐकलं आणि जाताना मुक्याला मोठ्या कळपाबरोबर लांब नेलं, जिथे लेकरं नव्हती. निघताना मुका वळणावर थांबला. कळप पुढे गेला तरी तो घराकडे पाहत राहिला, एक कमी भरतंय म्हणून. मुलाने तीन हाका मारल्यावर गेला.

राहिली म्हातारी.

तिला कुणी काही बोललं नव्हतं. म्हातारा बोलला नाही, सून तर नाहीच. पण त्या दिवसापासून तिने गुंडीला घेतलं नव्हतं. पोर रांगायला लागली, तिच्या लुगड्याला धरून उभी राहायला लागली, तरी म्हातारी हात पदरात गुंडाळून बसायची. जेवण कमी झालं. झोपेत उठून बसायची आणि विचारायची, "बाटली कुठेय?"

एके सकाळी सून दूध काढायला निघाली. ती गुंडीला घेऊन सासूसमोर उकिडवी बसली.

"आत्याबाई, घ्या."

"नको. मी उठते गं. माझा भरवसा नाही."

"उठायचं असेल तेव्हा हिला घेऊन उठा. नाहीतर मला हाक मारा. काम राहिलं तर राहू दे."

म्हातारीने हात पदरात आणखी घट्ट गुंडाळले.

"मी हात सोडत नाही तोवर," सून म्हणाली. "तुम्ही म्हणाल घेतली, तेव्हाच सोडीन."

दोघी तशाच बसल्या. चुलीवरचं पाणी उकळून निम्मं झालं. मेंढ्या ओरडायला लागल्या. सून हलली नाही. शेवटी म्हातारीने पदरातून हात बाहेर काढले, आधी एक, मग दुसरा, आणि गुंडीच्या काखेत घातले.

"घेतली?"

"घेतली," म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात तीच रीत. लेकरू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना विचारायचं, आणि उत्तर आल्याशिवाय बोट सोडायचं नाही. गुंडीची धाकटी भावंडं अशीच वाढली. नवं कुत्रं आलं, तेही गुणी होतं, तरी कवाडाच्या दोन्ही कड्या तशाच लागत राहिल्या.

म्हातारी आता नाही. देवाने तिला जवळ घेतलं असेल, आणि विचारलंही असेल, आणि तिने उत्तरही नीट दिलं असेल. तुमच्याही दारात कुत्रा असेल, घरचाच, कुणाला कधी न चावलेला. दूध उतू जाईल, कुणी बाहेरून हाक मारील, आणि तुम्ही म्हणाल, ही आलेच दोन मिनिटांत. तेव्हा लेकराला कडेवर घ्या आणि मगच उठा. आणि उठताना, बाबांनो, त्या म्हातारीला दोष देऊ नका. तिची आठवण ठेवा.